किरणचित्रे आणि स्थानपोथी : हौशी संगणककलेच्या समीक्षेसंबंधी काही विचार

संगणकावर चित्र निर्माण करण्याच्या ज्या अनेक रीती गेल्या अर्धशतकात रूढ झाल्या, त्यांपैकी 'रे-ट्रेसिंग' ही रीत वाङ्मयाच्या अभ्यासकाला वस्तुतः सर्वांत जवळची आहे; आणि नेमके हिच्याकडेच त्याने अद्याप वळून पाहिलेले नाही. कारण उघड आहे. या रीतीने सिद्ध झालेली कृती आपल्यापुढे येते ती चित्र म्हणून. तिच्यामागे कोणीतरी ओळीमागून ओळ लिहिलेली एक संहिता आहे, आणि चित्र हे त्या संहितेचे केवळ एक फळ आहे, याची कल्पना पाहणाऱ्यास सहसा नसते. प्रस्तुत लेखात या कलेचा, विशेषतः व्यवसाय म्हणून नव्हे तर हौसेने ती जोपासणाऱ्यांच्या निर्मितीचा, विचार करावयाचा आहे. या विचारासाठी रिद्धपूर हे गाव मध्यवर्ती घेतले आहे. महानुभावांच्या या क्षेत्राचा आणि संगणकाचा संबंध प्रथमदर्शनी कोणास ओढूनताणून आणलेला वाटेल. परंतु स्थळाचे शब्दांनी वर्णन करणे म्हणजे काय, आणि त्या वर्णनाचे प्रामाण्य कशात असते, हा प्रश्न मराठीत ज्या परंपरेने सर्वांत आधी आणि सर्वांत गंभीरपणे हाताळला तिचे हे माहेर आहे.

प्रथम या रीतीचे स्वरूप पाहू. सृष्टीत प्रकाश दिव्यापासून निघतो, वस्तूवस्तूंवर आदळत जातो आणि त्यातला अगदी अल्प अंश डोळ्यांत शिरतो. हा सारा प्रवास गणिताने मांडावयाचा तर बहुतेक श्रम वाया जातात, कारण बहुतेक किरण पाहणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून येथे प्रवास उलटा करतात. डोळ्याच्या जागी एक बिंदू कल्पावयाचा, त्याच्यापुढे बारीक घरांची एक चौकट उभी करावयाची आणि प्रत्येक घरातून एकेक किरण बाहेर सोडावयाचा. तो ज्या वस्तूस प्रथम भिडेल तेथे विचारावयाचे : येथून दिवा दिसतो काय? मध्ये काही आड येत असेल तर तो बिंदू छायेत आहे. वस्तू आरशासारखी असेल तर किरण परावृत्त होऊन पुढच्या वस्तूकडे जातो. काचेची असेल तर वाकून आत शिरतो. अशा सर्व उत्तरांची बेरीज म्हणजे त्या घराचा रंग. आर्थर अपेल यांनी १९६८ साली छायेपुरती ही युक्ती मांडली होती. बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड यांनी १९७९ साली परावर्तन व वक्रीभवन यांसह तिला पूर्ण रूप दिले आणि १९८० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या रीतीस आपण येथे 'किरणानुसरण' व तिच्या फळास 'किरणचित्र' म्हणू.

ही कल्पना मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५२५ सालच्या आपल्या मापनविषयक ग्रंथातील एका काष्ठचित्रात, भिंतीतल्या कडीपासून एका तंतुवाद्यापर्यंत ताणलेल्या दोरीने एकेक बिंदू टिपणारी दोन माणसे दाखविली आहेत. ती दोरी म्हणजेच हा किरण. आमच्याकडील नैयायिकांनी तर चक्षुरिंद्रिय तैजस मानून त्याचे किरण विषयापर्यंत जातात असा पक्षच घेतला होता. भौतिकशास्त्राने तो केव्हाच मोडीत काढला. गणिताने काटकसरीखातर तो पुन्हा घरात घेतला, ही मौजेची गोष्ट आहे.

व्हिटेडच्या निबंधातील जे चित्र पुढे प्रसिद्धीस आले त्यात दोन गोल आहेत, एक पारदर्शक व दुसरा आरशासारखा. खाली लाल-पिवळ्या चौकड्यांची जमीन आणि वर निळे आकाश. साध्या दृश्यांत गणनेचा पाऊण वेळ, आणि गुंतागुंतीच्या दृश्यांत शेकडा ९५ पर्यंत वेळ, किरण वस्तूला कोठे भिडतो हे शोधण्यात जातो, असे त्यांनी नोंदविले. गोलाशी किरणाचा छेद काढणे सर्वांत सोपे, म्हणून गोल. परावर्तन डोळ्यांत भरावे म्हणून चौकडी. म्हणजे एका प्रयोगाच्या सोयीखातर निवडलेले साहित्य ते. परंतु त्यापुढील दोन दशके हौशी मंडळींनी त्याचे मंगलाचरणच करून टाकले. चौकडीच्या जमिनीवर चकचकीत गोल मांडल्यावाचून कोणी पहिले चित्र पुरे करीत नसे. आपल्याकडील समस्यापूर्तीची आठवण यावी असा हा प्रकार आहे. चरण दिलेला, उरलेले भरून द्यावयाचे. समस्यापूर्तीतून चांगले काव्य क्वचित निघते. परंतु छंदावर हात बसण्यास तिचा उपयोग होतो, तितकाच याचाही झाला.

हौशी कलेचा स्वतंत्र इतिहास मात्र प्रयोगशाळेतून घरी आलेल्या यंत्रांनी सुरू होतो. १९८६ साली एरिक ग्रॅहम यांनी अमिगा या घरगुती संगणकावर, सारे शरीर गोलांचेच असलेला एक चेंडूफेक्या तयार केला. तो आरशाचे तीन चेंडू झेलतो आणि त्या चेंडूंत तो स्वतः व त्याचे जग प्रतिबिंबित होते. आज ती हलती चित्रमालिका बाळबोध वाटेल. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते नंतरच्या कित्येक दिपवून टाकणाऱ्या कृतींपेक्षा ती श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात साधनाची मर्यादा हाच विषय झाला आहे : गोलांखेरीज काही येत नाही, तर गोलांचाच माणूस, आणि त्याचा उद्योगही गोलांशीच. त्याच सुमारास डेव्हिड बक यांनी अमिगावर डीकेबीट्रेस नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यातून १९९१ पासून अनेकांच्या सहकार्याने 'पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन', अर्थात पॉव-रे ही प्रणाली उभी राहिली. ती विनामूल्य होती, तिचा गाभा सर्वांस वाचावयास खुला होता, आणि हौशी किरणचित्रकारांची ती पाठशाळाच झाली.

पॉव-रेचा विशेष असा की, तीत चित्र काढता येत नाही, लिहावे लागते. येथे कुंचल्याच्या जागी वाक्य आहे. डोळा कोठे आहे आणि कोणीकडे पाहतो, दिवा कोठे आहे व कोणत्या रंगाचा, अमुक वस्तू कोठे आणि कशाची, ही सारी माहिती ठरलेल्या व्याकरणात नमूद करावयाची. गोल म्हणजे त्याच्या मध्याचे तीन आकडे आणि त्रिज्येचा चौथा. इतर बहुतेक संगणकचित्रांत गोल हा लहान त्रिकोणांनी जुळविलेला असतो आणि फार जवळून पाहिल्यास त्याचे कोपरे दिसतात; येथील गोल हा व्याख्येतला गोल आहे. वस्तूंची बेरीज, त्यांचा समान भाग आणि वजाबाकी या तीन क्रियांनी पुढची सारी रचना होते. भिंतीतील कोनाडा हवा असेल तर भिंतीच्या ठोकळ्यातून लहान ठोकळा वजा करावयाचा, आणि वर अर्धवर्तुळ पाहिजे असेल तर एक नळकांडेही वजा करावयाचे. दगडात कोनाडा कोरणारा पाथरवट याहून निराळे काय करतो? शिवाय एखाद्या रचनेस एकदा नाव दिले की पुढे त्या नावानेच तिचा उल्लेख करता येतो. नाम, विशेषण, संबंध, अन्वय असे वर्णनपर गद्याचे सर्व घटक तेथे आहेत. नाही ते क्रियापद.

या दृष्टीने पाहता हौशी किरणचित्राची समीक्षा चित्रसमीक्षेच्या मापांनी केली जाते ती अपुरी ठरते, असे आमचे मत आहे. १९९६ पासून सुमारे दहा वर्षे या कलेची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा नियमाने चालू होती. कलागुण, तंत्रगुण आणि कल्पनेची मौलिकता अशा तीन मापांनी तेथे गुण दिले जात. प्रत्येक चित्राबरोबर ते कसे घडविले याचे लेखी निवेदन जोडावयाचा दंडक होता, हे त्या स्पर्धेचे मोठेच श्रेय होय. पण संहिता कशी लिहिली आहे, तिच्यात वर्णनाची शिस्त कोणती, याला चौथे माप नव्हते. परिणामी छायाचित्राशी साम्य हीच परीक्षकांची आणि प्रेक्षकांचीही गुप्त कसोटी होऊन बसली.

साम्याच्या या कसोटीचा दोष एका गाजलेल्या उदाहरणावरून दाखविता येईल. जील त्रान या फ्रेंच कलावंताचे २००६ सालचे किरणचित्र जगभर पाहिले गेले आहे : काचेचे पेले, एक चंबू, राखदाणी आणि फासे. काचेतून वाकून आलेला प्रकाश, कडांवरील झळाळी, मागील वस्तूंचे धूसर होत जाणे, सर्व निर्दोष. छायाचित्र म्हणून ते कोठेही खपेल. आता ते धूसर होणे पाहा. एका वस्तूवर दृष्टी रोखल्यावर बाकीचे धूसर राहते हे खरे. पण धूसर झालेल्या त्या भागाकडेच टक लावून पाहता येणे, ही गोष्ट डोळ्याच्या अनुभवात नाही. डोळा तिकडे वळताच ते स्पष्ट होते. ही धूसरता भिंगाची आहे. किरणानुसरणाला भिंगाची गरजच नाही. त्याला सर्व अंतरे सारखीच स्पष्ट असतात. भिंगाचा हा दोष मुद्दाम गणित करून चित्रात आणलेला आहे, आणि तोच पाहून प्रेक्षक 'किती खरे!' म्हणतो. म्हणजे येथे अनुकरण सृष्टीचे नसून छायाचित्राचे आहे. त्रान यांच्या कौशल्यास यामुळे उणेपणा येत नाही. पण त्यांच्या मागून आलेल्या शेकडो काचेच्या पेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

आपल्या साहित्यशास्त्रात या वादाचे जुने रूप सापडते. वस्तूचे यथातथ्य वर्णन हे काव्य होय की नव्हे? भामहाने सूर्यास्तासारख्या गोष्टींच्या नुसत्या निवेदनाला 'वार्ता' म्हणून बाजूस सारले. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत अग्रस्थान दिले. कुंतकाने दोघांहून निराळी भूमिका घेतली : वस्तूचा स्वभाव हा अलंकार्य आहे, अलंकार नव्हे, स्वभावच अलंकार मानला तर तो कोणास अलंकृत करणार? किरणचित्राच्या बाबतीत कुंतकाचा आक्षेप फार उपयोगी पडतो. काचेने काचेसारखे दिसणे हा या कलेत गुण नाहीच. ते प्रणाली आपण होऊन करते. काचेचा वक्रीभवनांक लिहिला की संपले. कलावंताचे कर्तृत्व शोधावयाचे ते अन्यत्र, म्हणजे काय सांगितले, काय गाळले आणि कोणत्या संबंधाने सांगितले यांत.

याचा चांगला पुरावा लघुसंहितांच्या स्पर्धांत मिळतो. त्यांतील काही फेऱ्यांत संपूर्ण दृश्य ५१२ अक्षरचिन्हांच्या आत लिहावयाची अट होती. आणि त्यातून डोंगर, समुद्र, नगरे, वेली निर्माण झाल्या. एखादा आकार स्वतःचाच संक्षेप व्हावा, एका ओळीने हजार वस्तूंची रांग उभी करावी, आधी दिलेले नाव पुढे निराळ्याच अर्थाने राबवावे, हे सर्व तेथे चालते. महानुभाव सूत्रपाठाच्या अभ्यासकास या संक्षेपाची ओढ समजावून सांगण्याची गरज नाही. अर्थात नुसता आखूडपणा म्हणजे सूत्र नव्हे. त्या संहितांपैकी पुष्कळ केवळ कोडी आहेत. लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने त्या उकलणार नाहीत. तथापि समीक्षक त्या वाचू लागला की चित्रात न दिसणारा एक गुणभेद त्याच्या ध्यानात येतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो मर्ढेकरांच्या बाजूने येतो. ललित कलेचे द्रव्य इंद्रियसंवेदनाच आणि सौंदर्य म्हणजे त्या संवेदनांतील संवाद, विरोध व समतोल या लयींची रचना, असे मानल्यावर मागील संहितेला काय किंमत? ती मूर्तिकाराच्या छिन्नीसारखी साधनमात्र ठरेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. चौकडी व गोल यांच्या चित्रांत विरोधलय उदंड आहे आणि समतोल जवळजवळ नाही, हे मर्ढेकरांच्याच मापाने चटकन कळते. संहिता वाचून ते कळणार नाही. म्हणून चित्र पाहणे सोडून द्यावे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु छिन्नी आणि संहिता यांत एक भेद आहे. मूर्ती झाल्यावर छिन्नी तिच्याविषयी काही सांगत नाही. संहिता सांगते; आणि तिच्यातील एक आकडा बदलून दुसरे चित्र, डोळा दुसरीकडे ठेवून तिसरे, अशी अनेक चित्रे तिच्यातून निघतात. नाटकाची संहिता व तिचा एक प्रयोग यांत जे नाते, तेच येथे आहे. एका प्रयोगावरून नाटककाराचा निकाल लावणे आपण बरोबर समजत नाही.

एरवी हा केवळ सौंदर्यशास्त्राचा वाद राहिला असता. पण गतकाळातील वास्तूंची व स्थळांची संगणकचित्रे करून ती इतिहासाच्या नावाने दाखविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे, आणि तेथे या वादाला निराळेच वजन येते. रिद्धपूर मुद्दाम निवडले ते याकरिता.

गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्य व भक्तपरिवार येथे राहिला. म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून, आठवणी विचारून लीळाचरित्र सिद्ध केले ते येथल्याच वातावरणात. या परंपरेने स्थळाची दोन प्रकारची वर्णने मराठीला दिली. एक नारायण व्यास बहाळिये यांच्या 'ऋद्धिपूरवर्णना'चे, ज्याची गणना साती ग्रंथांत होते. हे ओवीबद्ध, भक्तीने ओथंबलेले, अलंकाराला न लाजणारे. दुसरे स्थानपोथीचे, जिचे कर्तृत्व परंपरा मुनिव्यासांकडे देते. स्थानपोथीत रस नाही, उपमा नाहीत. स्वामींच्या संचारातील गावे क्रमाने येतात. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस काय आहे, अवस्थान कोठे, आसन कोठे, वसती कोठे, इतकेच ती सांगते. वाङ्मयेतिहासात तिला साधनग्रंथ म्हणून मान आहे, साहित्य म्हणून फारसा नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र ती मराठीतील स्वभावोक्तीची एक अत्यंत शुद्ध कृती वाटते. तिच्यात वर्णन हे दुसऱ्याला त्या जागी नेऊन उभे करण्याकरिता आहे. ते चुकले तर यात्रेकरू भलत्याच ठिकाणी माथा टेकील. वर्णनावर इतकी जबाबदारी टाकणारे लेखन विरळा.

आता समजा, एखाद्या हौशी विद्यार्थ्याने अशा वर्णनावरून एका स्थानाचे किरणचित्र करावयाचे मनावर घेतले. आरंभ तर सुखाचा होईल. पॉव-रेमध्ये पहिला अक्ष उजवीकडे, दुसरा वर आणि तिसरा समोर जातो. पहिला पूर्व व तिसरा उत्तर मानला की दिशांची भाषा जशीच्या तशी उतरते. सूर्याचे स्थान तारीख, वेळ, अक्षांश व रेखांश यांवरून काढण्याची सूत्रे प्रणालीबरोबरच मिळतात. रिद्धपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास येथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. विषुवदिनी सूर्य नेमका पूर्वेस उगवत असल्यामुळे, आड काही नसेल तर, पूर्वाभिमुख दारातून पहिले ऊन सरळ आत जाईल. हे सारे चित्रात बिनचूक येईल.

नंतर अडचण सुरू होते. प्रणालीला प्रत्येक ठिकाणी आकडा हवा. देऊळ पूर्वाभिमुख आहे हे पोथी सांगेल. दाराची उंची सांगणार नाही. आसन उत्तरेस आहे, किती हातांवर? ओटा दगडाचा की मातीचा? भिंतीला चुना होता काय? आणि पाहणारा कोठे उभा आहे, तो उभा आहे की बसलेला? पोथीतील संबंध सापेक्ष आहेत : अमक्याच्या उत्तरेस तमके. संहितेतही नाव देऊन, त्या नावाच्या संदर्भाने दुसरी वस्तू सरकवून सापेक्ष वर्णन लिहिता येते. पण आळशी लेखक सरळ आकडे घालतो, आणि मग संहिता यात्रेकरूची न राहता मोजणीदाराची होते. चित्रात हा फरक शून्य. संहिता वाचणाऱ्यास तो पहिल्या पानावर दिसतो.

किरणानुसरणाला संशय दाखविता येत नाही, हे सर्वांत घातक आहे. जे पोथीत आहे ते आणि जे विद्यार्थ्याने रिकामी जागा भरण्याकरिता घातले ते, दोहोंवर ऊन सारखेच पडते, दोहोंची सावली तितकीच ठाम असते. रेखाचित्रात निदान तुटक रेषा काढता येते. येथे सर्व वस्तू सारख्याच अस्तित्वात असतात. पाहणाऱ्याची श्रद्धा अशा चित्रावर चटकन बसते, आणि जीर्णोद्धाराने मूळ रूप पालटलेल्या स्थानाच्या बाबतीत ते चित्रच हळूहळू प्रमाण होऊन बसण्याचा धोका आहे.

या अडचणीतून सुटण्याची वाट महानुभाव ग्रंथपरंपरेनेच दाखवून ठेवली आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि पुढे ती ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात होती त्यांच्याकडून पुन्हा जुळविली गेली, असे परंपरा सांगते; त्यामुळे पाठ अनेक झाले. या मंडळींनी काय केले? एकाच पाठाला गादीवर बसवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. एखाद्या लीळेविषयी निराळी आठवण असेल तर ती 'वासना' म्हणून ग्रंथाच्या अंगातच नमूद केली. संशय हा ग्रंथाचा दोष न मानता ग्रंथाचा भाग मानला. आधुनिक पाठचिकित्सेने तळटीपांत जे केले, ते येथे कितीतरी आधी मुख्य मजकुरात केलेले आहे.

किरणचित्राच्या संहितेत हीच सोय आहे. तीत यंत्र जिच्याकडे दुर्लक्ष करते अशी टीप प्रत्येक ओळीस जोडता येते. आणि अमुक अट असेल तर हा आकार, नसेल तर तो, असे पर्यायही लिहिता येतात. ओट्याची उंची एका वासनेप्रमाणे अमुक, दुसऱ्या कल्पनेप्रमाणे तमुक. एक अंक बदलला की दुसरे चित्र. कोणता आकडा पोथीतून आला, कोणता आजच्या जागेवर मोजून घेतला, कोणता शेजारच्या यादवकालीन देवळावरून उसना आणला आणि कोणता केवळ अंदाजाचा, हे संहितेत सांगता येते आणि चित्रात सांगता येत नाही. मग प्रकाशात आणावयाचे काय, याबद्दल शंका राहू नये. संहितेवाचून असे चित्र प्रसिद्ध करणे म्हणजे पाठभेद गाळून पोथी छापण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, संहिता वाचणार कोण? ती सामान्यांस दुर्बोध आहे. मराठीच्या अभ्यासकांनी हा युक्तिवाद करू नये. सकळ लिपीच्या आवरणामुळे महानुभावांचे सारे वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत मराठी समीक्षेच्या दृष्टीआड राहिले. आणि ती लिपी उलगडल्यावर आपल्याला आपल्या गद्याचा आरंभच नव्याने लिहावा लागला. पॉव-रेचे व्याकरण शिकण्यास सकळ लिपीइतकेही कष्ट नाहीत.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडला, हेही आपल्या अभ्यासकांस ठाऊक असावे. मुंबईत जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तेथे सुमंत पट्टनायक व सुधीर मुदूर यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत प्रकाशाच्या गणनेवर मूलगामी निबंध लिहिले. दिव्याकडून निघणाऱ्या प्रकाशाचे समीकरण आणि डोळ्याकडून उलट जाणाऱ्या 'महत्त्वा'चे समीकरण ही एकमेकांची प्रतिबिंबे आहेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय स्थूलमानाने सांगता येईल. दिव्याने सर्वत्र प्रकाश टाकला तरी त्यातील कोणता प्रकाश महत्त्वाचा, हे पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते. गणिताच्या परिभाषेतील हे 'महत्त्व' समीक्षेनेही आपलेसे करावे अशा योग्यतेचे आहे. स्थानपोथीच्या लेखकाने गावातील असंख्य घरे, झाडे, माणसे गाळली आणि एका आसनाची दिशा सांगितली, तेथे दुसरे काय झाले?

अलीकडे, २०२२ पासून, एका वाक्याने हवे ते चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घरोघर आली आहेत, आणि त्यामुळे हौशी किरणचित्रकाराचा उद्योग निरर्थक झाला असे म्हटले जाते. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी शब्दांतून चित्रच निघते. पण त्या वाक्यात आणि या संहितेत इच्छा व वर्णन यांच्याइतके अंतर आहे. 'यादवकालीन देऊळ, सकाळचे ऊन' असे म्हटल्यावर जे चित्र येते त्यातील एकाही दगडाबद्दल लिहिणाऱ्याला जाब विचारता येत नाही; तो दगड त्याने तेथे ठेवलेलाच नसतो. संहितेतील प्रत्येक दगडाला मालक आहे. पूर्वी एका चित्राकरिता संगणक रात्रभर चालत असे आणि सकाळी उठून चूक दिसे. आता प्रकाशाच्या गणनेसाठी वेगळी योजना असलेली यंत्रे २०१८ पासून बाजारात आहेत व तेच काम क्षणात होते. त्या वाट पाहण्यात काही गमावले असेल तर ते हळहळण्याजोगे नाही. जाब विचारण्याची सोय मात्र गमावता येणार नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. येथील किंवा अन्यत्रच्या एखाद्या विद्यार्थ्याने स्थानाची संहिता लिहावयास घेतली तर त्याचे परीक्षण करणाऱ्याने कोठून सुरुवात करावी? पॉव-रेमध्ये 'अँबिएंट' नावाचा एक आकडा असतो. कोणत्याही दिव्यापासून न आलेला, सर्व वस्तूंना सारखाच मिळणारा तो उजेड आहे. छाया अगदी काळीठिक्कर पडू नये म्हणून घातलेला. लेखकाने काही न सांगितल्यास प्रणाली तो एक दशांश धरते. सृष्टीत असा उजेड नाही. गाभाऱ्यात दुपारी किती दिसत असेल, तेथे समई होती की नुसते दारातून आलेले ऊन, याचा विचार विद्यार्थ्याने केला की चित्र बरे दिसावे म्हणून तो आकडा तसाच राहू दिला, हे परीक्षकाने प्रथम पाहावे. ती ओळ संहितेत सापडली नाही, तर तोही एक पाठच समजावा, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे.